बँकेच्या ई-लिलावात फ्लॅट घेताना: बोलीच्या आधी संपवायची कामं

"बोली लागली, पंचवीस टक्के भरले. आता फ्लॅट बघायला कधी जाऊ?" असा फोन मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो. फोन करणारा माणूस अडाणी नसतो. इंजिनियर असतो, डॉक्टर असतो, एकदा तर बँकेतूनच निवृत्त झालेले एक काका होते. चुकतो तो क्रम. नेहमीच्या खरेदीत आधी टोकन, मग कागद, मग कर्ज, मग सौदा अशी सवय लागलेली असते, आणि मध्ये कुठेही माघार घेता येते. लिलावात टोकन भरलं की माघारीचा रस्ता जवळपास बंद होतो. म्हणून इथे सगळं उलटं करायचं: कागद, जागा, पैसा, ताबा यांचा निकाल अनामत भरायच्या आधी लावायचा.

हा लेख सरफेसी कायदा, २००२ खाली (कर्ज थकल्यावर कोर्टात दावा न लावता गहाण मालमत्ता विकू देणारा कायदा) बँका आणि गृहकर्ज कंपन्या जे गहाण फ्लॅट विकतात त्यांच्यापुरता आहे. सहकारी बँकाही हाच कायदा वापरू शकतात, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पक्कं केलं. पतसंस्थेचा लिलाव मात्र सहकार कायद्याच्या नियम १०७ खाली होतो, त्याची अनामत आणि मुदती वेगळ्या. लिलावाच्या नोटिशीच्या पहिल्या परिच्छेदात कायद्याचं नाव असतं. ते न वाचता पुढे जाऊ नका.

१. आधी पैशाचं घड्याळ समजून घ्या

कोणता फ्लॅट घ्यायचा हे ठरवण्याआधी हे बघा, कारण निम्मे लोक इथेच बाद व्हायला हवेत.

समजा राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली बँक विकत नाही ती, ४८ लाख आहे आणि तुमची बोली ५२ लाखांना लागली. अनामत साधारण राखीव किमतीच्या १० टक्के असते, म्हणजे ४ लाख ८० हजार तुम्ही लिलावाआधीच भरलेले आहेत. नियमाप्रमाणे बोलीच्या २५ टक्के रक्कम त्याच दिवशी, फार तर लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवशी भरावी लागते. ५२ लाखांचे २५ टक्के म्हणजे १३ लाख. अनामत वजा जाता ८ लाख २० हजार उद्या संध्याकाळपर्यंत बँकेत पोचले पाहिजेत. उरलेले ३९ लाख विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. बँकेने लेखी मान्य केलं तर मुदत वाढते, तीही तीन महिन्यांच्या पुढे नाही.

मुदत चुकली की भरलेले पैसे जप्त. "थोडे कापून बाकीचे परत देतील" या आशेवर राहू नका. पूर्ण २५ टक्के जप्त करण्याची कारवाई सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये कायम ठेवली आहे. आपल्या उदाहरणात ते १३ लाख होतात.

यात गृहकर्ज बसतं का? बसू शकतं, पण लिलावानंतर अर्ज करून बसत नाही. ज्या बँकेकडून कर्ज घेणार तिच्याकडे आधीच जाऊन तीन प्रश्न विचारा: लिलावातल्या मालमत्तेला कर्ज देता का, सांकेतिक ताबा (म्हणजे कागदोपत्री ताबा, आत माणसं राहतायत) असेल तरी देता का, आणि सेल सर्टिफिकेट, म्हणजे बँकेचं विक्री प्रमाणपत्र, हातात यायच्या आधी रक्कम सोडता का. तिसऱ्या प्रश्नावर शाखेतला माणूस घुटमळला तर ते "नाही"च समजा. लिलाव करणारी बँकच कधी कधी कर्ज देते, पण "आमचाच लिलाव आहे, कर्ज होऊन जाईल" हे तोंडी आश्वासन कुणी लेखी देत नाही.

*तपासून घ्या:* तुमच्या नेटबँकिंगची दिवसाची आरटीजीएस मर्यादा किती आहे? मी एकाला पाहिलं आहे, मुदतठेव मोडून पैसे खात्यात तयार, मर्यादा पाच लाखांची, आणि शाखा चार वाजता बंद. बँकेचं खातं लाभार्थी म्हणून दोन दिवस आधी जोडून ठेवा, नव्या लाभार्थीला पहिल्या दिवशी मोठी रक्कम जात नाही.

२. नोटीस शोधा आणि पेन घेऊन वाचा

सरकारी बँकांच्या मालमत्ता बँकनेट या पोर्टलवर असतात, आधी त्याचं नाव ईबिक्रय होतं. खासगी बँका आणि गृहकर्ज कंपन्या वेगवेगळ्या ई-लिलाव कंपन्यांची संकेतस्थळं वापरतात. यादी कुठेही दिसो, तीच नोटीस त्या बँकेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर सापडली पाहिजे. सापडली नाही तर प्राधिकृत अधिकाऱ्याच्या, म्हणजे लिलाव करणाऱ्या बँक अधिकाऱ्याच्या, शाखेत जाऊन विचारा. लिलावाच्या नुसत्या याद्या गोळा करून वर्गणी मागणारी संकेतस्थळं बरीच आहेत, तिथली माहिती शिळी असते. "बँकेतून घर काढून देतो, बोली मॅनेज करतो, दोन टक्के द्या" म्हणणारे दलाल तर फोनवर भेटतातच. बोली कुणीही मॅनेज करत नाही.

नोटिशीत पुढच्या गोष्टींवर खूण करा.

ताबा. हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो बहुतेक वेळा तक्त्याच्या कोपऱ्यात असतो. "प्रत्यक्ष ताबा" म्हणजे फ्लॅटला बँकेचं कुलूप आहे. "सांकेतिक ताबा" म्हणजे दारावर नोटीस चिकटवली आहे आणि आत माणसं राहतायत. एकाच इमारतीतल्या या दोन फ्लॅटची किंमत एक असू शकत नाही.

कितवा लिलाव. पहिल्या विक्रीला जाहीर नोटिशीपासून किमान ३० दिवस द्यावे लागतात. आधीचा लिलाव फसला असेल तर पुढच्याला १५ दिवस पुरतात. त्यामुळे अवघ्या अठरा-वीस दिवसांची नोटीस दिसली की हा फ्लॅट आधी एकदा तरी विकायला काढला होता हे समजतं. जुन्या नोटिसा शोधा. राखीव किंमत ६० वरून ५४, ५४ वरून ४८ वर आली असेल तर नवखा माणूस खूश होतो. जुना माणूस विचारतो, दोनदा कुणी का घेतला नाही?

"जसे आहे जेथे आहे." या चार शब्दांचा अर्थ: सोसायटीची थकबाकी, मालमत्ता कर, गळका संडास, अनधिकृत गॅलरी, सगळं तुमचं. नोटिशीत "बँकेस ज्ञात बोजे: निरंक" असं लिहिलेलं असतं ते बँकेला ठाऊक असलेल्या बोज्यांपुरतं. बँकेला काय ठाऊक नाही ते तुम्ही शोधायचं.

क्षेत्रफळ. कार्पेट, बिल्टअप की सुपर बिल्टअप? नोटिशीत नुसता "७२० चौ. फूट" आकडा असेल तर तो कुठला हे गहाणखतातल्या करारावरून बघावं लागेल.

३. जागेवर जा, आणि एकदा नाही, दोनदा

बँक पाहणीसाठी एक तारीख देते. त्या दिवशी जा, पण त्याआधी एकदा आपले आपण जाऊन या, शक्यतो रविवारी सकाळी, सोसायटीचं ऑफिस उघडं असतं तेव्हा.

एक प्रसंग सांगतो. नोटिशीत फ्लॅट ३०२, तिसरा मजला. मी वर गेलो तर मजल्यावर दरवाजे तीन: ३०१, ३०२, ३०४. मला वाटलं ३०३ नंबर वगळला असेल, काही बिल्डर तसं करतात. खाली उतरताना सहज मीटरबोर्ड पाहिला. तिथे ३०२ आणि ३०३ अशी दोन मीटर फिरत होती. वॉचमनला विचारलं तर म्हणाला, "ते जोडून घेतलंय ना साहेब, मधली भिंत पाडली." दोन फ्लॅटचा एक केलेला. स्वयंपाकघर ३०३ मध्ये, हॉल ३०२ मध्ये. गहाण होता फक्त ३०२, आणि ३०३ कर्जदाराच्या भावाच्या नावावर. बोली लागली असती तर मी स्वयंपाकघर नसलेल्या फ्लॅटचा मालक झालो असतो, आणि भिंत कुणी बांधायची यावर भावाशी भांडत बसलो असतो. बँकेच्या मूल्यांकन अहवालात याचा उल्लेखही नव्हता. तेव्हापासून मी प्रत्येक इमारतीत आधी मीटरबोर्ड बघतो.

जागेवर बघायचं ते हे: दारावरची पाटी आणि करारातला फ्लॅट नंबर एकच आहे का. सोसायटीने नंबर बदललेले असतात, विंगची नावं बदललेली असतात. वीजमीटर चालू आहे की काढून नेला आहे. आत कोण राहतं: मालक, भाडेकरू, की नातेवाईक? सोसायटीच्या सेक्रेटरीला किंवा मॅनेजरला भेटून थकबाकीचा आकडा विचारा आणि जमलं तर लेखी मागा. सोसायटी पत्र द्यायला बांधील नसते, पण थकबाकी वसूल होणार असेल तर बहुतेक सेक्रेटरी खुशीने आकडा सांगतात. पार्किंग करारात आहे की नुसतं "वापरत होते" तेही विचारा. इमारत पुनर्विकासाला जाणार आहे का, मोठ्या दुरुस्तीचा निधी काढला आहे का, भोगवटा प्रमाणपत्र आहे का, हे तिथेच कळतं.

आत कुटुंब राहत असेल तर बेल वाजवून "आम्ही लिलावात घेतोय" म्हणून सांगायला जाऊ नका. त्यांच्यावर आधीच पुरेसं ओढवलेलं असतं. आणि त्यांनी "आम्ही दोन महिन्यांत सोडतो" म्हटलं तरी त्यावर विसंबून बोली लावता येत नाही.

*सावधान:* गहाण पडण्याच्या आधीपासूनचा, कागदोपत्री सिद्ध होणारा भाडेकरू आत असेल तर हा लिलाव तुमच्यासाठी नाही. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याखालच्या भाडेकरूला सरफेसीच्या जोरावर बाहेर काढता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मुंबईच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. जुन्या मुंबईतल्या पागडीच्या जागांत हे हमखास निघतं.

४. कागद: चार ठिकाणं, चार वेगळे प्रश्न

एकच वकील गाठा, पण त्याला "सगळं बघा" असं मोघम सांगू नका. प्रश्न नेमके द्या.

*बँकेत:* मूळ करार, आधीच्या खरेदीची साखळी, गहाणखत आणि मूल्यांकन अहवाल बघायला मागा. कलम १३ (२) ची ६० दिवसांची मागणी नोटीस कधी दिली, ताब्याची नोटीस दोन वृत्तपत्रांत, त्यातल्या एका स्थानिक भाषेतल्या, कधी आली, विक्रीची नोटीस कर्जदाराला पोचली का. हे तुमचं काम नाही असं वाटेल. पण यातल्या एका तारखेत खोट निघाली की कर्जदार त्याच मुद्द्यावर पुढे लिलाव रद्द करून घेतो, आणि तेव्हा पैसे तुमचे अडकलेले असतात.

*दुय्यम निबंधकाकडे:* तीस वर्षांचा शोध. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा उतारा, बघता येतो, पण जुन्या वर्षांसाठी वकिलाला कार्यालयात जावं लागतं. त्याच फ्लॅटवर दुसरं गहाण, विकसन करार किंवा न्यायालयातल्या दाव्याची नोंद दिसते का ते बघायचं. इमारतीच्या जमिनीचं मालमत्ता पत्रक किंवा सातबाराही काढा. त्यावर "भोगवटादार वर्ग २" दिसलं तर थांबा, हस्तांतराला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागू शकते.

*सरसाईवर:* मालमत्तांवरच्या बोज्यांची ही केंद्रीय नोंदवही कुणालाही थोडी फी भरून बघता येते. लिलाव करणाऱ्या बँकेचा बोजा तिथे नोंदलेला आहे का, कोणत्या तारखेचा आहे, आणि दुसऱ्या बँकेचा किंवा विक्रीकर-जीएसटी खात्याच्या जप्तीचा आहे का? कर्जदार व्यापारी असेल तर ही पायरी गाळूच नका. सरकारी कर आधी की बँक आधी, या वादात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ऑगस्ट २०२२ मध्ये सरसाईवर नोंद केलेल्या बँकेच्या बाजूने कौल दिला. त्यामुळे नोंद आहे की नाही यावर बरंच काही अवलंबून आहे.

*डीआरटीत:* कर्जवसुली न्यायाधिकरणाच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोधा. कर्जदार, सहकर्जदार, जामीनदार, प्रत्येकाचं नाव टाका, स्पेलिंग बदलून टाका. बँकेच्या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत तिथे अर्ज करता येतो. अर्ज प्रलंबित असेल तर स्थगिती आहे का ते बघा. स्थगिती नसली तरी निकाल विरुद्ध गेला तर विक्री कोसळू शकते. मालक कंपनी असेल तर कंपनी कायदा न्यायाधिकरणात दिवाळखोरीचा अर्ज आहे का तेही बघा, कारण तिथे अर्ज दाखल करून घेतला गेला की वसुलीच थांबते.

कर्जदार शेवटच्या दिवशी पैसे भरून घर सोडवेल ही भीती बऱ्याच जणांना असते. २०१६ च्या दुरुस्तीनंतर सोडवणुकीचा हक्क विक्रीची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच आहे, आणि २०२३ मध्ये बाफना मोटर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तेच ठामपणे सांगितलं. पण कारण न देता लिलाव मागे घेण्याचा अधिकार बँक आपल्या अटींत राखून ठेवते. अनामत परत मिळते, व्याज सहसा मिळत नाही.

५. आकडा कागदावर काढा

हा टप्पा लोक मनातल्या मनात करतात. पुण्यातला आपला ५२ लाखांचा फ्लॅट घेऊ. आजूबाजूला तसाच फ्लॅट ६६ लाखांना जातोय, म्हणजे वरवर बघता १४ लाखांची सूट.

मुद्रांक शुल्क पुणे महापालिका हद्दीत ७ टक्के, म्हणजे ३ लाख ६४ हजार. नोंदणी फी ३० हजार. सोसायटीची थकबाकी समजा २ लाख ४० हजार, मालमत्ता कर ६८ हजार, वीजबिल ३१ हजार. वकील, शोध, इतर ४० हजार. वर्षभर बंद असलेल्या किंवा चिडून सोडलेल्या घराची डागडुजी ३ लाख, कारण नळ, पंखे, कधी कधी दरवाजेसुद्धा काढून नेलेले असतात. बेरीज ६२ लाख ७३ हजार. आता ताबा सांकेतिक आहे आणि फ्लॅट हातात यायला एक वर्ष लागलं, ३५ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी, तर व्याज ३ लाख १५ हजार. एकूण ६५ लाख ८८ हजार.

चौदा लाखांच्या सुटीतले बारा हजार उरले. आणि तुमच्या स्वतःच्या सतरा लाखांवरचं व्याज मी धरलेलंच नाही.

वीजबिलाबद्दल एक गोष्ट: "आधीच्या मालकाचं बिल मी का भरू" हा युक्तिवाद चालेल असं धरू नका. अशा लिलावात जुनी थकबाकी नव्या खरेदीदाराकडे मागण्याचा नियम वीज कंपनीला करता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं आहे.

आयकराचा एक सापळाही इथेच मोजा. रेडी रेकनरची, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेली, किंमत तुमच्या खरेदी किमतीच्या ११० टक्क्यांहून जास्त आणि फरक ५० हजारांहून अधिक असेल तर तो सगळा फरक तुमचं उत्पन्न म्हणून धरला जाऊ शकतो. ५२ लाखांना घेतलेल्या फ्लॅटचा रेडी रेकनर ६० लाख असेल तर ८ लाख. लिलावातल्या खरेदीला हे लागू व्हावं का यावर वाद चालतात, पण वाद घालत बसायची तयारी आहे का हे सीएशी आधी बोला.

ही बेरीज उलटी करून तुमची कमाल बोली काढा, ती कागदावर लिहा, आणि तो कागद बायकोकडे किंवा भागीदाराकडे द्या. गुंतवणूक म्हणून घेताय, तेव्हा माझा स्वतःचा नियम असा: सगळा खर्च धरून बाजारभावाच्या १५ टक्के खाली आकडा बसला नाही तर सोडून द्यायचं. सांकेतिक ताब्याला २५ टक्के. हे आकडे कुठल्या पुस्तकातले नाहीत, हात पोळून ठरवलेले आहेत.

६. नोंदणी, केवायसी, अनामत

पोर्टलवरची नोंदणी लिलावाच्या किमान आठवडाभर आधी करा. पॅन, आधार, मोबाइल, बँक खातं जुळावं लागतं, आणि पॅनवर "सुरेश ग. पाटील", आधारवर "सुरेश गणपत पाटील" असलं की पडताळणी अडकते. अनामत भरून ती तुमच्या निवडलेल्या मालमत्तेला जोडलेली दिसतेय का ते बघा. वॉलेटमध्ये पैसे आहेत पण मालमत्तेला जोडले नाहीत, म्हणून बोलीचं पानच उघडलं नाही, असं दोघांच्या बाबतीत झालेलं मला माहीत आहे.

*सावधान:* बोली ज्याच्या नावाने, सेल सर्टिफिकेट त्याच्याच नावाने. "नंतर बायकोचं नाव घालू", "फर्मच्या नावाने करून घेऊ" हे नंतर होत नाही. संयुक्त घ्यायचं असेल तर अर्जातच दोन्ही नावं. कर्ज काढणार असाल तर सहकर्जदाराचं नावही आत्ताच ठरवा.

अनामत फक्त नोटिशीत छापलेल्या बँकेच्या खात्यात किंवा पोर्टलच्या वॉलेटमध्ये. व्यक्तीच्या नावाचं खातं किंवा क्यूआर कोड कुणी पाठवला तर ती फसवणूकच.

७. लिलावाचा दिवस

इथे सांगण्यासारखं थोडंच आहे. लॅपटॉप वापरा, मोबाइलचा हॉटस्पॉट राखीव ठेवा. वाढीचा टप्पा, समजा २५ हजार, किती ते आधी वाचा. काही ठिकाणी पहिलीच बोली राखीव किमतीच्या एक टप्पा वर लागते. शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप पाच-दहा मिनिटांनी वाढते, म्हणून शेवटच्या सेकंदाची वाट बघण्यात अर्थ नाही. रक्कम टाकताना शून्य मोजा. ५२,००,००० च्या जागी ५,२०,००,००० टाकून अनामत गमावलेली माणसं असतात.

कागदावरचा आकडा आला की लॅपटॉप बंद.

८. पंचवीस आणि पंचाहत्तर

पुढचा कामकाजाचा दिवस संपायच्या आत २५ टक्के पूर्ण करा, यूटीआर (पैसे पाठवल्याचा) क्रमांक प्राधिकृत अधिकाऱ्याला ईमेल करा, आणि विक्री कायम केल्याचं लेखी पत्र मागा. १५ दिवस त्या पत्रापासून मोजायचे, म्हणून पत्रावरची तारीख महत्त्वाची.

किंमत ५० लाख किंवा त्याहून अधिक असेल तर १ टक्का टीडीएस तुम्ही कापायचा, आपल्या उदाहरणात ५२ हजार. तो किमतीतून वजा करायचा असतो, वरून नाही. मालकाचा म्हणजे कर्जदाराचा पॅन बँकेकडून लेखी घ्या. बँक आपलाच पॅन देऊ करते, तेव्हा सीएला विचारल्याशिवाय चलन भरू नका. आणि चलनाची प्रत त्याच १५ दिवसांत बँकेला द्या, नाहीतर हिशेबात ५२ हजार कमी दिसतात आणि "पूर्ण रक्कम आली नाही" असं पत्र येतं.

कर्ज अडलं आणि मुदतवाढ हवी असेल तर मुदत संपण्याच्या आधी लेखी मागा आणि लेखी मंजुरी घ्या. "साहेब हो म्हणाले" याला किंमत नाही.

*तपासून घ्या:* मधल्या काळात डीआरटीची स्थगिती आली तर उरलेली रक्कम भरायची की नाही, हे स्वतः ठरवू नका. वकिलामार्फत बँकेला लिहा आणि भरलेली रक्कम व्याजाच्या ठेवीत ठेवण्याची मागणी करा.

९. सेल सर्टिफिकेट आणि नोंदणी

पूर्ण रक्कम भरल्यावर प्राधिकृत अधिकारी ठरलेल्या नमुन्यात विक्री प्रमाणपत्र देतो. सही घेण्याआधी मसुदा मागून वाचा: नावं, फ्लॅट नंबर, विंग, मजला, क्षेत्रफळ, पार्किंग, जमिनीचा सर्व्हे नंबर. फ्लॅट ज्ञात बोज्यांपासून मुक्त विकला की नाही, हे प्रमाणपत्रात स्पष्ट लिहावं लागतं. ती ओळ आहे का बघा.

अशा प्रमाणपत्राची सक्तीने नोंदणी लागते का, यावर सर्वोच्च न्यायालयाचे खरेदीदाराला सोयीचे निर्णय आहेत. ते खिशात ठेवा, पण महाराष्ट्रात फ्लॅट पुढे विकायचा, त्यावर कर्ज घ्यायचं तर सोसायटी आणि बँक इंडेक्स टू मागणारच. शुल्क बोलीच्या रकमेवर की रेडी रेकनरवर, यावर घोळ होतो. रेडी रेकनर जास्त असेल तर मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे आधी अभिनिर्णय करून, म्हणजे शुल्क किती ते ठरवून, घ्या. प्रमाणपत्रावर सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत नोंदणी व्हायला हवी, आणि प्राधिकृत अधिकाऱ्याला दुय्यम निबंधकाकडे यायला वेळ काढायला लावणं हेच यातलं सगळ्यात चिवट काम. त्याची बदली होण्याआधी तारीख पक्की करा.

१०. ताबा

प्रत्यक्ष ताबा असेल तर बँकेचा माणूस कुलूप उघडून देतो. त्या दिवशी दोन साक्षीदार, मोबाइलवर सलग चित्रीकरण, आणि ताबापावती. आत कर्जदाराचं सामान असेल तर त्याची यादी बँकेच्या सहीने करून घ्या. देवघरातल्या टाकापासून गॅसच्या सिलिंडरपर्यंत सगळं यादीत हवं, आणि ते बँकेने हलवायचं, तुम्ही नाही. नंतर "आत दागिने होते" अशी तक्रार पोलिसांत येते.

सांकेतिक ताबा असेल तर बँकेला कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायला लावा. हा अर्ज विक्रीनंतरही करता येतो, पण तो बँकेनेच करायचा, तुम्हाला करता येत नाही. कायद्यात आदेशाला ३० दिवस, वाढवून ६० दिवस आहेत. प्रत्यक्षात आदेश, मग तहसीलदार किंवा कोर्ट कमिशनर, मग पोलीस बंदोबस्ताची तारीख, आणि ऐन वेळी गणपती किंवा निवडणूक आली की बंदोबस्त रद्द. पैसे पूर्ण भरल्यावर बँकेची घाई संपलेली असते, म्हणून दर पंधरा दिवसांनी ईमेल करा. स्वतः कुलूप तोडायला, माणसं पाठवायला जाऊ नका, तो गुन्हा तुमच्यावर दाखल होतो.

ताबा मिळाल्यावर लगेच फरशी उखडायला घेऊ नका. विक्रीला आव्हान देण्याची ४५ दिवसांची मुदत आधी जाऊ द्या, आणि डीआरटीच्या संकेतस्थळावर पुन्हा एकदा नावं टाकून बघा. तोवर कुलूप बदला, सोसायटीत हस्तांतराचा अर्ज द्या. थकबाकी भरल्याची पावती, प्रमाणपत्राची प्रत आणि इंडेक्स टू जोडला की भागपत्र (शेअर सर्टिफिकेट) तुमच्या नावावर व्हायला हवं. महापालिका हद्दीत हस्तांतर अधिमूल्य (ट्रान्सफर प्रीमियम) २५ हजारांहून जास्त मागता येत नाही, जास्त मागितलं तर लेखी मागा, मागणी आपोआप खाली येते. त्यानंतर महापालिकेत करआकारणीला नाव लावणं आणि वीजमीटर नावावर करणं. मीटर बराच काळ बंद राहून कायमचा काढून नेलेला असेल तर नवीन जोडणीचा अर्ज करावा लागतो, आणि त्याला सोसायटीचं पत्र लागतं. म्हणून सोसायटीचं काम आधी.